धनंजय माने, पण कुठले माने?

१९९१ हे बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचे वर्ष. त्या साली आमच्या मावळातल्या वस्तीत जयंतीला नेहमीच्या वर्गणीवर घरटी पाच रुपये जादा काढले आणि त्या पैशातून लोणावळ्याहून रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ भाड्याने आणला. मिरवणूक संपली, लोकांनी तोंडावरचा निळा गुलाल धुतला आणि सगळी वस्ती समाजमंदिरापुढे गोणपाट-घोंगड्या टाकून बसली. रात्रभरात तीन कॅसेटी लागायच्या होत्या. पहिल्या दोन तरुण मंडळाने निवडलेल्या, मारामारीच्या. तिसरी बायकांनी भांडून घेतलेली. तिची पाळी येईपर्यंत पहाटेचे तीन वाजले आणि निम्मी पोरे झोपून गेली. ती कॅसेट होती 'अशी ही बनवाबनवी'.

लक्ष्मीकांत बेर्डे साडी नेसून पडद्यावर आला आणि हसण्याच्या आवाजाने झोपलेली पोरे उठून बसली. आमची आजी तोंडाला पदर लावून हसत होती. मध्येच ती म्हणाली, "ह्यो गडी तमाशाच्या फडातला दिसतोय. चाल बघा की त्याची." आम्ही तेव्हा दहा-अकरा वर्षांचे. आजीला काय म्हणायचे होते ते पुढे बऱ्याच वर्षांनी कळले.

त्यानंतर हा चित्रपट आम्ही किती वेळा पाहिला याचा हिशेब नाही. वाचक बंधू-भगिनींनो, तुमचाही नसणार. टीव्हीवर लागला की आमच्या वस्तीत आजही चुलीवरची भाजी करपते. कामावरून थकून आलेल्या माणसाला दोन घटका हसू येते, ही काही लहान गोष्ट नाही. आपल्या चळवळीतल्या काही गंभीर मंडळींना असले चित्रपट म्हणजे वेळेचा अपव्यय वाटतो. आम्हाला तसे वाटत नाही. मात्र हसून झाल्यावर एक गोष्ट मनात राहते, ती आज या पानावर मांडायची आहे.

हे चित्रपट एका ठरावीक घडणीचे असतात. एक-दोन प्रेमाच्या जोड्या, घरात मुलीचा बाप नाहीतर आत्या आडवी, आणि भरीला एखादी लहानशी लबाडी किंवा गुन्हा. महेश कोठारे यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट 'धुमधडाका' १९८५ साली आला. त्यात शरद तळवलकरांचा धनाजी वाकडे हा पैशाचा गर्व असलेला बाप आहे आणि त्याची संमती मिळावी म्हणून अशोक सराफ श्रीमंत म्हाताऱ्याचे सोंग घेऊन, खोकत खोकत त्याच्या घरात शिरतात. १९८७ साली सचिन पिळगांवकरांचा 'गंमत जंमत' आला. त्यात पैशाच्या नडीपायी दोन मित्र एका श्रीमंत मुलीला पळवून नेतात आणि ती मुलगीच पळवणाऱ्याच्या प्रेमात पडते. वर्षा उसगांवकरांचा हा पहिला मराठी चित्रपट. या चित्रपटात किशोरकुमार मराठीत गायले. १९८८ साली सचिननीच 'बनवाबनवी' केला आणि १९९१ साली 'आयत्या घरात घरोबा'. हे सगळे कथानक इथलेच असते असेही नाही. 'बनवाबनवी'ची मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जी यांच्या 'बीवी और मकान' या १९६६ च्या हिंदी चित्रपटातली आहे. पण ती मराठीत आली आणि मराठीच होऊन गेली.

याचे श्रेय पटकथा-संवाद लिहिणाऱ्या वसंत सबनीसांना द्यावे लागेल. 'विच्छा माझी पुरी करा' हे दादा कोंडके यांनी गाजवलेले लोकनाट्य सबनीसांचेच. म्हणजे आमच्या आजीची नजर चुकली नव्हती. हजरजबाबी बोलणे, एकाने फेकायचे आणि दुसऱ्याने झेलायचे, पुरुषाने लुगडे नेसून ठुमकत यायचे, हे सारे तमाशाच्या बतावणीतून आणि वगातून आलेले आहे. तो तमाशा कुणाच्या घामावर उभा राहिला हे आपल्या वाचकांना सांगायला नको. महार-मांग कलावंतांनी तो पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावर वाहिला. पुढे भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी तोच साचा घेतला, त्यातला देवदेवतांचा भाग काढला आणि आंबेडकरी जलसे उभे केले. त्या जलशांतही पुरुषच बाईचे सोंग घेत, आणि सावकाराची, भटजीची फजिती होताना पाहून लोक पोट धरून हसत. हसण्याची विद्या आपल्याला परकी नाही.

आता 'बनवाबनवी'तले गुन्हे बघा. अशोक सराफांचा धनंजय माने पुण्यात विश्वास सरपोतदार नावाच्या घरमालकाकडे राहतो. मालकाला मधुमेह. इस्रायलहून औषध मागवून देतो असे सांगून हा गडी त्याच्याकडून सत्तर रुपये घेतो आणि ते पैसेही जातात आणि औषधही येत नाही. सत्तर रुपये! एवढ्यावर सारा महाराष्ट्र पस्तीस वर्षांहून अधिक काळ हसतो आहे. पुढे मालक घर खाली करायला लावतो, चार मित्र रस्त्यावर येतात आणि सड्या पुरुषांना खोली मिळत नाही म्हणून दोघे जण बायकोचे सोंग घेतात. इस्टेटीसाठी लीलाबाई काळभोरांच्या मागे लागलेला विजू खोटे यांचा बळी हा खरा गुन्हेगार, पण तो आपल्या लक्षातही राहत नाही. लक्षात राहतात ती खोलीसाठी खोटे बोलणारी चार साधी माणसे.

खोली हा त्या काळातला मोठा प्रश्न होता. १९८२ च्या संपानंतर मुंबईतल्या कितीतरी गिरणी कामगारांची घरे बसली. त्यातले काही गावी परतले, काही पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत काम शोधू लागले. आपल्या मावळातली पोरे लोणावळा लोकलने रोज तिकडे जात, आणि रात्रपाळीमुळे लोकल चुकली की कंपनीच्या दारात झोपत. खोलीसाठी माणूस काय काय करतो हे प्रेक्षकाला ठाऊक होते. म्हणून तो हसला. अशोक सराफ स्वतः काही वर्षे स्टेट बँकेत नोकरी करून नाटकांतून कामे करीत होते. महिन्याच्या वीस तारखेला रिकामा झालेला खिसा त्यांच्या चेहऱ्यावर दिसतो तो उगाच नव्हे. त्यांना २०२३ चा महाराष्ट्रभूषण आणि २०२५ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या कार्यालयात सगळ्या कारकुनांनी मिळून पेढे वाटले.

पण आमचे अडते ते इथेच. सरपोतदार धनंजय मानेला खूप काही बोलतात, भाडे मागतात, घालवून देतात. एक प्रश्न मात्र ते कधीच विचारत नाहीत. "माने? कुठले माने?"

हा प्रश्न ज्यांना कधी कुणी विचारला नाही त्यांना त्याचे वजन कळणार नाही. माने मराठ्यांत आहेत, कैकाड्यांत आहेत, आपल्यातही आहेत. तसेच गायकवाड, जाधव, शिंदे, भोसले. आडनाव ऐकून घरमालकाचे समाधान होत नाही. मग गाव विचारले जाते, मग "कुलदैवत कुठलं?", मग "जेवणात काय चालतं?" असे करत करत बरोबर जागेवर बोट ठेवले जाते. आणि मग "अहो, कालच एकाला शब्द देऊन बसलो" हे ठरलेले उत्तर.

आमचे लग्न झाले तेव्हा नोकरीच्या गावी आम्ही खोली शोधत होतो. २००४ सालची गोष्ट. चार ठिकाणी शब्द देऊन झालेला होता. पाचव्या ठिकाणी घरमालकीणबाईंनी विचारले, "मूळचे कुठले?" आम्ही म्हणालो, "मावळातले." बाईंचा चेहरा खुलला. "म्हणजे मावळेच की!" आमचे आडनाव दोन्हीकडे चालणारे. बाईंनी पुढे काही विचारलेच नाही. आम्हीही काही सांगितले नाही. खोटे बोललो नाही, खरे गिळले. डिपॉझिट दिले, पावती घेतली आणि सामान आणले. बाबासाहेबांची तसबीर आणि बुद्धमूर्ती चादरीत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत, तळाशी ठेवली.

बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ सालचा. त्या नावाच्या कथेत रेल्वेत नोकरी लागलेला आपला माणूस जात न सांगता खोली मिळवतो आणि उघडकीस येताच मार खातो. कॉलेजात ती कथा वाचताना आम्हाला वाटले होते, हे आपल्या आजोबांच्या काळातले. चाळीस वर्षांनी आम्ही स्वतः तीच चोरी केली, फक्त मार खायचे राहिले.

बाई मनाने वाईट नव्हत्या. उलट फार लावून घेणाऱ्या. आमच्या आयुष्मतींना त्या सूनबाई म्हणत. वाटीने भाजी द्यायच्या, वाटीने घ्यायच्या. हळदीकुंकवाला बोलावले की आयुष्मतींचे डोके दुखायचे. गणपतीत "तुमच्याकडे बसवत नाहीत का?" असे विचारल्यावर आम्ही गावी मोठ्या घरी असतो असे सांगितले, आणि गावी जातो म्हणून खरेच दहा दिवस कुलूप लावून मामांकडे जाऊन राहिलो. बसचे भाडे, मामांकडे न्यायचा खाऊ आणि रजा. या सोंगाचा खर्च धनंजय मानेच्या सत्तर रुपयांपेक्षा कितीतरी जास्त आला.

घरात मात्र आमची भांडणे सुरू झाली. आयुष्मतींचे म्हणणे, सकाळी उठून त्रिशरण म्हणायचे ते ओठातल्या ओठात, हे त्यांच्याने होणार नाही. आमचे म्हणणे, प्रोबेशन संपेपर्यंत दम धरावा. "पंचशीलातलं चौथं शील कुठलं हो?" असे त्यांनी एकदा ताट वाढताना विचारले. खोटे बोलण्यापासून दूर राहण्याचे शील. आम्ही खाली मान घालून भाकरी मोडली.

एका रविवारी दुपारी बाईंनी हाक मारली, "या दोघं, सिनेमा लागलाय." आमच्याकडे टीव्ही नव्हता. बाईंच्या खोलीत चटईवर बसलो. लागला होता 'बनवाबनवी'. बाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. आम्हीही हसत होतो. पडद्यावर लीलाबाई त्या दोन खोट्या सुनांवर माया करीत होत्या आणि खाली आमच्या मालकीणबाई आयुष्मतींच्या पाठीवर थाप मारीत होत्या. मध्ये जाहिरात लागली. बाई डोळे पुसत म्हणाल्या, "मला जर कुणी असं फसवलं ना, त्याच दिवशी सामान बाहेर फेकीन!" आणि पुन्हा हसल्या. आयुष्मतींचे हसणे तिथे थांबले. शेवटी चित्रपटात सगळे उघड होते, लीलाबाईंचा राग ओसरतो, जोड्या जुळतात. आम्ही उठून खोलीत आलो. त्या रात्री दोघेही बोललो नाही.

पुढच्या चौदा एप्रिलला आयुष्मतींनी पेटी उघडली. तसबीर पुसली, भिंतीला खिळा ठोकला. खिळ्याचा आवाज खाली गेलाच. मेणबत्त्या लावल्या, खीर केली आणि वाटी घेऊन त्या खाली गेल्या. "मावशी, आज बाबासाहेबांची जयंती. आम्ही बौद्ध आहोत." आम्ही जिन्यात उभे होतो. बाई बराच वेळ वाटीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ठेव तिथं ओट्यावर." ती खीर त्यांनी खाल्ली की नाही हे कळले नाही. वाटी दुसऱ्या दिवशी घासून दाराशी ठेवलेली मिळाली. महिन्याअखेरीस त्यांच्या भाच्याला अचानक खोलीची गरज पडली.

डिपॉझिट त्यांनी पैन्‌पै परत दिले, कसलीही कापाकापी केली नाही. टेम्पोत सामान चढवताना त्या दारात उभ्या होत्या. आयुष्मतींना म्हणाल्या, "तू आधीच सांगायचं होतंस गं." आयुष्मती म्हणाल्या, "सांगितलं असतं तर दिली असती का?" बाई काही बोलल्या नाहीत. या बाईंचा राग करावा की नाही, याचे उत्तर आम्हाला अजून नीट देता येत नाही.

लोणावळ्याकडे राहणाऱ्या आपल्या लोकांना 'आयत्या घरात घरोबा' अधिक जवळचा वाटायला हवा. त्यातले अशोक सराफांचे गोपू काळे घरदार नसलेले गृहस्थ. एका श्रीमंताचा बंगला मालक नसताना रिकामा असतो, त्यात ते खुशाल जाऊन राहतात, इतरांनाही आसरा देतात. मालकाच्या घरची माणसेच तिथे ओळख लपवून पाहुणी होतात आणि गोपू काळ्यांच्या सहवासात त्या घरातले दुरावे मिटतात. ही कल्पनाही बाहेरची, १९४७ च्या एका अमेरिकन चित्रपटावरून घेतलेली. पण रिकामे बंगले म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे तुंगार्ली, खंडाळा हीच नावे येतात. शनिवार-रविवार सोडला तर कितीतरी बंगल्यांना कुलूप. आवारात मागच्या बाजूला एक खोली, त्यात आपल्यापैकी कुणीतरी सहकुटुंब राहून झाडांना पाणी घालतो आणि फरशी पुसतो. हिंदी चित्रपटात प्रेमी पळून आले, कुणाला डांबून ठेवायचे झाले, की असलाच बंगला लागतो. १९९८ च्या 'गुलाम'मध्ये आमिर खानने राणी मुखर्जीला खंडाळ्याला चलण्याचे गाण्यातून आमंत्रण दिले, तेव्हापासून तर जोडप्यांना जत्रेचे स्वरूप आले. त्या चित्रपटांत बंगल्याचा माळी दिसतो तो कंदील धरून दार उघडण्यापुरता.

आमच्या नात्यातल्या एका काकांनी अशा बंगल्यावर बावीस वर्षे काढली. आम्ही एकदा गमतीने विचारले, "काका, मालक सहा-सहा महिने येत नाहीत. कधी त्या पलंगावर झोपलात का?" काका म्हणाले, "पलंगावर? पावसाळ्यात आमची खोली गळायची तेव्हा व्हरांड्यात झोपलो, तेही मालकाला फोन करून विचारून." 'आयत्या घरात घरोबा' त्यांना दाखवला तर हसले खूप, पण गोपू काळ्यांचे त्यांना पटले नाही. "सिनेमात ठीक आहे. आपण असं केलं तर थेट चौकी. एकदा मालकिणीचा चांदीचा चमचा सापडेना. माझ्या पोराची शाळेची पिशवी उपडी करून बघितली. चमचा त्यांच्याच गाडीत निघाला." काकांनी हे सांगताना आवाज चढवला नाही. चमच्याचे डिझाइन मात्र त्यांना अजून आठवते.

असो. आता लग्नाविषयी. या चित्रपटांच्या शेवटी सगळ्यांची लग्ने होतात आणि ती होणारच असतात, कारण अडचण असते ती पैशाची, रागाची नाहीतर गैरसमजाची. धनाजी वाकड्याला जावई श्रीमंत हवा, बस्स. बापाचे मन वळवायला एक खोटा म्हातारा पुरतो. आपल्याकडे प्रकरण इतक्या स्वस्तात सुटत नाही. आणि हे लिहिताना दुसऱ्यांकडे बोट दाखवून आम्हाला मोकळे होता येणार नाही.

काही वर्षांपूर्वी वस्तीतल्या आपल्याच एका मुलीचे शेजारच्या गावच्या मातंग समाजातल्या मुलावर प्रेम बसले. दोघेही लोकलने पुण्याला जाणारे. मुलगी सज्ञान, नर्सिंग झालेली. मुलगा कारखान्यात कायम. मुलीचे वडील जयंती मंडळातले ज्येष्ठ, भाषणात बाबासाहेबांचे 'जातिनिर्मूलन' हमखास आणणारे. १९३६ च्या त्या पुस्तकात बाबासाहेबांनी आंतरजातीय विवाहाला जात मोडण्याचा खरा उपाय म्हटले आहे, आणि १५ एप्रिल १९४८ रोजी स्वतः डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगले पाठ होते. पण घरात त्यांनी सांगितले, "त्यांच्यात द्यायची नाही."

मुले आमच्याकडे आली. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करायचे तर विवाह अधिकाऱ्याकडे आधी नोटीस द्यावी लागते. दोघांची नावे, पत्ते त्या कार्यालयात लावले जातात आणि तीस दिवस थांबावे लागते. कुणी बघितले की संपले. चित्रपटातला धनंजय माने एका रात्रीत दोन बायका तयार करतो, आम्हाला एक नवरी तीस दिवस सांभाळायची होती. कागद आमच्या कार्यालयाच्या बॅगेत, जेवणाच्या डब्याखाली. आयुष्मती मुलीच्या आईशी रोज नळावर बोलत आणि घरी येऊन म्हणत, "आता मी परत खोटं बोलतेय, तुमच्यामुळे." तीन साक्षीदार लागतात. दोन मिळाले, तिसरा सहीच्या दिवशी सकाळी आजारी पडला. बंगल्यावरचे आमचे काका पांढरा सदरा घालून लोकलने आले आणि त्यांनी सही केली.

वडिलांनी मुलगी हरवल्याची तक्रार दिली. चौकीत मुलीने जबाब दिला, वय सांगितले, दाखला दाखवला. बाहेर आल्यावर वडील आम्हाला म्हणाले, "तुम्ही बीकॉम झालेला माणूस. पोरी पळवायला शिकलात का?" त्यावर बोलण्यासारखे पुष्कळ होते. त्या वेळी सुचले नाही.

निदान आमच्याकडे कुणी कोयता काढला नाही. २०१४ साली नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात आपल्या एका शाळकरी मुलाला वरच्या म्हणवणाऱ्या जातीतल्या मुलीशी बोलतो या संशयावरून मारण्यात आले. २०१७ साली त्या खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. २०१६ साली नागराज मंजुळे यांचा 'सैराट' आला तेव्हा आम्ही वस्तीतली वीसेक माणसे मिळून बघायला गेलो. अर्धा चित्रपट लोक शिट्ट्या मारीत होते. पळून जाणे, पाठलाग, आर्चीने रोखलेले पिस्तूल, सगळा मामला गंमत-जंमतीचा. या परश्याला आडनाव काळे, आणि टोपणनाव लक्ष्मीकांतच्या परश्याचे. शेवटी माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन घरी येतात. चित्रपट संपल्यावर आमच्या रांगेतले कुणी उठले नाही. मराठीत त्याआधी कुठल्याच चित्रपटाने इतका गल्ला जमवला नव्हता. तो बघून किती घरमालकांनी 'कुठले काळे' विचारणे सोडले, याचा हिशेब आम्ही कारकून असूनही मांडू शकत नाही.

आपल्या लेखक-कलावंत तरुणांकडे आमची एक मागणी आहे. रडवणारे बरेच झाले, तेही हवेच. पण एकदा खोलीसाठी आडनाव गिळणाऱ्या नवरा-बायकोवर धमाल विनोदी चित्रपट काढा. गणपतीत कुलूप लावून मामांकडे जाणारे, हळदीकुंकवाला डोके दुखणारे. आम्हाला आता त्या दहा दिवसांचे हसू येते. आयुष्मतींना अजून येत नाही, पण प्रसंग सांगायला त्या तयार आहेत. कार्ल्याच्या लेण्यात चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर स्त्री-पुरुषांच्या जोड्या कोरलेल्या आहेत, हसऱ्या, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकलेल्या. लहानपणी आजी आम्हाला त्यांच्यासमोरून भराभर ओढत न्यायची. आता आम्ही वस्तीतली नवी जोडपी मुद्दाम तिथे थांबवून दाखवतो. चित्रपटाचा शेवट तिथेच घेता येईल, मळवली स्टेशनवर उतरून रिक्षा मिळते.

गेल्या वर्षापासून आमच्या विहारात महिन्यातून एकदा प्रोजेक्टरवर चित्रपट दाखवतो. ती नर्स मुलगी, जावई आणि त्यांचा चार वर्षांचा मुलगा येतात. मुलीचे वडीलही येतात. ते अजून जावयाच्या घरी गेलेले नाहीत. पुढच्या रांगेत बसतात, जावई मागे भिंतीला टेकून बसतो. मागच्या खेपेला 'धुमधडाका' लावला होता. अशोक सराफ खोकायला लागले तसा नातू हसत पुढे धावला आणि आजोबांच्या मांडीवर जाऊन बसला. त्यांनी त्याला उठवले नाही. चित्रपट संपल्यावर नातवाला बापाकडे सोडायला मात्र ते गेले नाहीत, आयुष्मतींच्या हाती दिला.

येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर, रात्री आठ वाजता, 'आयत्या घरात घरोबा' आहे. बंगल्यावरच्या काकांनी रजा टाकली आहे. विहारातल्या सतरंज्या कमी पडतात, तरी ज्याने त्याने चटई घेऊन यावे.